सूरजागडच्या वाटेवरील परिचारिका

चांद्याच्या मुलुखाचा इतिहास लिहूं जाणारास सामग्रीची वाण पडत नाहीं. गोंड राजांचा परकोट, भोंसल्यांचा अंमल, सन १८५८ च्या २१ ऑक्टोबर रोजीं चांद्यास फांसावर चढविलेला मोलमपल्लीचा तरुण जमीनदार बाबूराव शेडमाके, अहेरीची जमीनदारी, सागवानाचे ठेके आणि अलीकडे सूरजागडचें लोखंड. या सर्वांविषयीं कमीअधिक लिहिलें गेलें आहे व पुढेंही लिहिलें जाईल. राजा, बंडखोर, ठेकेदार व खाणवाला या चौघांच्या गर्दींत एका पांचव्या व्यक्तीकडे मात्र लिहिणारांचें लक्ष फारसें गेलेलें दिसत नाहीं. ही व्यक्ति खांद्याला झोळी अडकवून व हातांत लशीची शीतपेटी घेऊन पायवाटेनें चालत असते. लोक तिला 'नर्सबाई' म्हणतात. सरकारदफ्तरीं तिचें नांव वेळोवेळीं बदललें आहे. तिच्या नांवाचा शिलालेख नाहीं हें समजण्यासारखें आहे. परंतु तिच्या कामाचा धड इतिहासही आमच्या पाहण्यांत नाहीं, हें त्या जिल्ह्याच्या इतिहासांतील मोठें व्यंग आहे असें आम्हांस वाटतें.

सूरजागड ही गडचिरोली जिल्ह्याच्या एटापल्ली तालुक्यांतील डोंगरांची रांग. लोखंडाच्या खनिजाबद्दल तिचें नांव देशभर झालें तें फार तर गेल्या दहा-पंधरा वर्षांत. भोंवतालच्या गांवांतील माडिया गोंडांना ती पूज्य आहे तें त्याहून पुष्कळ जुन्या कारणासाठीं. ठाकूरदेवाचें स्थान याच डोंगरावर असून जानेवारी महिन्यांत इलाक्यांतील गांवें तेथें यात्रेस जमतात. हा सारा प्रदेश पूर्वीं अहेरीच्या जमीनदारींत मोडत असे. सन १९५१ सालीं मध्यप्रदेशांत जमीनदाऱ्या नष्ट झाल्या. १९५६ सालीं चांदा जिल्हा द्वैभाषिक मुंबई राज्यांत आला व १९६० सालीं महाराष्ट्रांत. आणि २६ ऑगस्ट १९८२ रोजीं गडचिरोली हा निराळा जिल्हा झाला. म्हणजे त्या दिवसापर्यंत एटापल्लीकडील माणसाचें जिल्ह्याचें ठिकाण चांदा होतें, व मध्यें सारें अरण्य आणि वैनगंगा आडवी होती. पुण्यामुंबईच्या वाचकानें नकाशावर बोट ठेवून हें अंतर मोजूं नये. तें फसवें आहे. तेथें अंतर कोसांनीं मोजत नाहींत, ओढ्यांनीं मोजतात. उन्हाळ्यांत जो ओढा ओलांडतांना पायाचा घोटाही भिजत नाहीं, तोच आषाढांत माणसास दोन दोन दिवस अलीकडे बसवून ठेवतो. भामरागडापाशीं इंद्रावती, पर्लकोटा व पामुलगौतम या तीन नद्या एकत्र येतात. पर्लकोटेच्या पुलावरून पाणी गेलें कीं पलीकडचा मुलूख जगापासून तुटला, हें वृत्त वर्तमानपत्रांतून दर पावसाळ्यांत वाचावयास मिळत आलें आहे.

अशा प्रदेशांत औषधाचा इतिहास म्हणजे वस्तुतः चालण्याचा इतिहास होय. रोगी औषधाकडे चालत जाणार, कीं औषध रोग्याकडे चालत येणार, हा एकच प्रश्न येथें दीडशें वर्षें निरनिराळ्या रूपांनीं विचारला गेला आहे. इंग्रजी अमदानीनें त्याचें उत्तर आपल्या सोयीप्रमाणें दिलें. दवाखाना तहसिलीच्या ठिकाणीं बांधावा, रोग्यानें तेथें यावें. कचेरी, तुरुंग आणि दवाखाना हीं तिन्ही एकाच न्यायानें उभारलीं गेलीं, व माडिया माणूस तिहींपासून सारखाच दूर राहिला यांत नवल नाहीं.

या रिवाजाला अपवाद एकच, तो देवी काढणाराचा. मुंबईंत १८०२ च्या १४ जून रोजीं एका लहान मुलीस देवीची लस टोंचली गेली व तेथून ती विद्या हिंदुस्थानभर पसरली. पुढें मध्यप्रांत अस्तित्वांत आल्यावर तेथेंही लस टोंचणारे कामगार खेडोपाडीं हिंडूं लागले. लस ही वस्तूच अशी, कीं तिची वाट पाहत कोणी निरोगी मनुष्य तहसिलीस येत नाहीं. ती घेऊन घरोघर जावेंच लागतें. म्हणून सरकारला प्रथमच औषध पायांवर चालवावें लागलें. परंतु हा देवी काढणारा आला, दंडावर खूण उमटवून गेला, एवढाच त्याचा व गांवाचा संबंध. तो पुरुष असे, परका असे, आणि आजाऱ्याच्या उशाशीं बसण्याचें त्याच्या कामांत कोठेंच नव्हतें. गांवकरी त्याला पाहून रानांत पळत, असें त्या काळच्या अंमलदारांनीं वरचेवर लिहिलें आहे. अंमलदारांना त्यांत अज्ञान दिसलें. वर्षांतून एकदां येऊन सुई टोंचून नाहींसा होणाऱ्या अनोळखी माणसापासून पळावें, यांत आम्हांस अज्ञानापेक्षां व्यवहारज्ञानच अधिक दिसतें.

उशाशीं बसणारी परिचारिका आपल्याकडे कशी निर्माण झाली, ही कथा आमच्या वाचकांच्या घरांतून ऐकलेली असेल. सन १९०९ सालीं रमाबाई रानडे यांनीं पुण्यास सेवासदनाचें काम सुरू केलें व ससून रुग्णालयांत स्त्रियांना परिचर्येचें शिक्षण मिळण्याची वाट मोकळी केली. विधवेनें परक्या पुरुषाची शुश्रूषा करावी काय, कोणत्याही जातीच्या रोग्यास शिवावें काय, असे प्रश्न त्या वेळीं वाड्यावाड्यांतून गाजले. त्या स्त्रियांनीं उंबरठा ओलांडला हें धैर्य लहान नव्हे. पण तो ओलांडून त्या गेल्या त्या रुग्णालयाच्या दालनांत. अरण्यांत जाण्याचा प्रश्न अजून कोणाच्या मनांतही आला नव्हता. येण्याजोगी संख्याही नव्हती. भोर समितीनें १९४६ सालीं आपला अहवाल सादर केला तेव्हां साऱ्या हिंदुस्थानांत परिचारिका होत्या सुमारें सात हजार, म्हणजे त्रेचाळीस हजार माणसांमागें एक. त्याच वेळीं इंग्लंडांत हें प्रमाण तीनशें माणसांमागें एक असें होतें. त्या सात हजारांतील किती जणी मोठ्या शहरांबाहेर असतील, व त्यांतून वैनगंगेपलीकडे किती, याचा हिशेब वाचकांनींच मनाशीं करावा.

या वेळेपर्यंत दूरच्या दोन डोंगराळ देशांत मात्र हा प्रश्न निराळ्या रीतीनें सोडविला गेला होता. त्याची हकीगत थोडी सविस्तर सांगितली पाहिजे, कारण तिच्यांत सूरजागडचें पुढील चित्र आधींच उमटलेलें दिसतें. स्कॉटलंडच्या उत्तरेकडील डोंगर व बेटें यांतील वैद्यकीय हालांची चौकशी करून एका समितीनें १९१२ सालीं अहवाल दिला. दुसऱ्याच वर्षीं तेथें सरकारी खर्चानें डॉक्टर व परिचारिका ठेवण्याची योजना सुरू झाली. ती व्यवस्था पाहण्यासाठीं १९२४ सालीं मेरी ब्रेकिन्‌रिज नांवाच्या अमेरिकन बाई तेथें हिंडल्या. या बाई स्वतः परिचारिका. आपलीं दोन्ही मुलें त्यांनीं गमावलीं होतीं. मायदेशीं परतून १९२५ सालीं त्यांनीं केंटकी संस्थानाच्या पूर्वेकडील डोंगरांत, जेथें मोटारीचा रस्ता नव्हता अशा लेस्ली परगण्यांत, घोड्यावरून फिरणाऱ्या परिचारिकांची संस्था काढली. ठाण्यापासून सुमारें पांच मैलांच्या टापूंतील प्रत्येक घर त्या ठाण्याच्या परिचारिकेचें. खोगिराला दोन पिशव्या, एक बाळंतपणाची व एक इतर दुखण्यांची. निरोप येतांच खोगीर चढवावें आणि नदीच्या पात्रांतून वाट काढीत निघावें. बाळंतपणें घरीं झालीं आणि मातामृत्यूचें प्रमाण अमेरिकेच्या मानानें पुष्कळ कमी राहिलें.

परंतु आम्हांस त्या हकीगतींतील खरा बोधप्रद भाग पुढेंच वाटतो. सुईणपण शिकलेल्या परिचारिका अमेरिकेंत मिळत नसल्यामुळें त्या बहुतेक ब्रिटनमधून येत. सन १९३९ सालीं महायुद्ध पेटलें आणि त्यांतील पुष्कळ जणी मायदेशीं परतल्या. तेव्हां संस्थेला आपली शाळा तेथेंच, त्या डोंगरांतल्या हायडन गांवीं, काढावी लागली. बाहेरून आलेली परिचारिका कितीही निष्ठावंत असली तरी तिला परत बोलावणारें एक घर कोठेंतरी असतेंच. ज्या कामाचा सारा भार तिच्यावर आहे तें काम तिच्या जाण्याबरोबर खालीं बसतें.

आपल्याकडे स्वातंत्र्यानंतर हें चालतें औषध कागदावर आलें. साहाय्यक परिचारिका-प्रसाविकेचा शिक्षणक्रम १९५१ सालीं सुरू झाला, १९५२ पासून प्राथमिक आरोग्यकेंद्रें उघडूं लागलीं, आणि १९७३ सालीं कर्तारसिंग समितीच्या शिफारशीवरून हीच बाई 'बहुउद्देशीय आरोग्यसेविका' झाली. सपाटीवर पांच हजार माणसांमागें एक उपकेंद्र व डोंगराळ आदिवासी भागांत तीन हजारांमागें एक, असा मग दंडक ठरला. दंडक करणारांची सद्बुद्धि मान्य केली पाहिजे. डोंगरासाठीं आंकडा कमी केला यांत त्यांची जाणीव दिसते. तथापि त्यांनीं डोकीं मोजलीं, ओढे मोजले नाहींत. वऱ्हाडांतील एकाच गांवांत तीन हजार माणसें सहज भरतात. सूरजागडच्या बाजूस तितकींच माणसें गोळा करावयाचीं तर वीस-पंचवीस घरांचे कितीएक पाडे, आणि त्यांच्यामधील तितक्याच टेकड्या पायांखालीं घालाव्या लागतात.

त्या बाईच्या झोळींत काय असतें तें पाहिलें म्हणजे तिच्या कामाची कल्पना येते. तापमापक, रक्तदाब पाहण्याचें यंत्र, बाळ झोळींत घालून तोलण्याचा काटा, लोहाच्या गोळ्या, हिंवतापासाठीं बोट टोंचून रक्त घेण्याचें सामान, नोंदवह्या. हातांतील शीतपेटींत बर्फाच्या चार पिशव्या व त्यांच्यामध्यें लस. ही पेटीच तिची खरी मालकीण. पेटींतील गारवा टिकेल तोंवर लस टिकेल. म्हणून बाईला भूक लागो, पाय दुखोत, ओढा भरो, बर्फ वितळण्याच्या आंत शेवटचा पाडा गांठावयाचा. हिंवताप तर येथला जुनाच रहिवासी. देशांत १९५३ सालीं हिंवतापाच्या नियंत्रणाचा व १९५८ सालीं निर्मूलनाचा कार्यक्रम निघाला, आणि कित्येक जिल्ह्यांतून त्यानें काढता पाय घेतला. गडचिरोलीच्या अरण्यांत मात्र तो ठाण मांडून राहिला, आणि तोही मेंदूवर चढून घातक ठरणाऱ्या जातीचा. रक्ताची कांच तालुक्यास जाऊन तिचा निकाल परत येईपर्यंत रोगी एकतर बरा झालेला असे, नाहींतर संपलेला. जाग्यावरच पंधरा-वीस मिनिटांत निदान करणारी पट्टी परिचारिकेच्या हातीं आली तेव्हां कोठें ही शर्यत बरोबरीची झाली.

यॉज नांवाच्या त्वचारोगाची गोष्टही येथें नोंदली पाहिजे. हातापायांवर व्रण पडून पुढें हाडांपर्यंत जाणारा हा रोग मध्य हिंदुस्थानांतील अरण्यवासी लोकांत पिढ्यानुपिढ्या होता. पेनिसिलिनची एकच सुई त्याला पुरते. परंतु ती प्रत्येक रोग्यापर्यंत गेली पाहिजे, नाहींतर एका झोपडींतून तो पुन्हां साऱ्या पाड्यांत पसरतो. शेवटचे रोगी २००३ सालीं सांपडले, आणि २०१६ सालीं भारत या रोगापासून मुक्त झाल्याचें जागतिक आरोग्यसंघटनेनें मान्य केलें. एका रोगाचें नांवनिशाण पुसण्याचा हा पराक्रम घरोघर हिंडणाऱ्यांचा. लढाया जिंकणाऱ्या सरदारांचीं नांवें आम्ही विद्यार्थ्यांकडून घोकून घेतों. या लढाईंतील एकही नांव आम्हांस सांगतां यावयाचें नाहीं.

आतां सर्वांत कठीण ओढ्याकडे वळूं, तो भाषेचा. माडिया बोली ही गोंडीच्या कुळांतील, म्हणजे तेलुगु-कानडीच्या दूरच्या नात्यांतली. मराठीशीं तिचा नात्याचा संबंध नाहीं. नागपूर-वर्ध्याकडून नेमणूक होऊन आलेली आरोग्यसेविका पहिल्या दिवशीं रोग्यास "कोठें दुखतें?" एवढेंही विचारूं शकत नाहीं. त्यांतून तिच्याआधीं तेथें पुजारी आहे, सुईण आहे. दोघेही त्याच पाड्यांतले, रात्रीं-अपरात्रीं हाकेच्या अंतरावर. मासिक पाळीच्या दिवसांत माडिया स्त्री निराळ्या झोपडींत राहते. तिला कुर्माघर म्हणतात. शहरांतून आलेला मनुष्य तें पाहून संतापतो, व तो संताप अस्थानीं आहे असें आम्ही म्हणणार नाहीं. त्या झोपडींत ताप, सर्पदंश व रक्तस्राव यांची वाट मोकळी असते. पण पुरुष डॉक्टरास जेथें जातां येत नाहीं तेथें स्त्री म्हणून परिचारिकेस जातां येतें. संतापून परतणारी आणि वांकून आंत शिरणारी, या दोघींमधून त्या मुलुखाला उपयोग कोणीचा, हें सांगावयास नको. शिवाय १९८० नंतर या अरण्यांत नक्षलवादी व पोलीस असे दोन सशस्त्र पक्ष उभे राहिले. त्या दोहोंच्या मधल्या वाटेनें निःशस्त्र चालावयाचें, हेंही तिच्याच नशिबीं आलें.

२३ डिसेंबर १९७३ रोजीं बाबा आमटे यांनीं भामरागडजवळ हेमलकसा येथें लोकबिरादरी प्रकल्पाचा आरंभ केला, व डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे त्या रानांत राहूं लागले. त्यांच्या कार्याची कीर्ति आतां जगभर झाली आहे. येथें एवढेंच सांगावयाचें, कीं आरंभीं दवाखाना होता पण रोगी येत नव्हते, आणि माडिया शिकावी लागली ती डॉक्टरांना. राहण्यानें विश्वास आला. देवी काढणारा जें करूं शकला नाहीं तें राहणारांनीं केलें.

यापुढचें पाऊल डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनीं टाकलें. सन १९८६ सालीं त्यांनीं गडचिरोलींत 'सर्च' ही संस्था स्थापिली. नवजात अर्भकें घरींच जन्मतात व घरींच मरतात, रुग्णालयापर्यंत पोंचतच नाहींत, तर रुग्णालयाची विद्या घरीं नेली पाहिजे असा त्यांचा सरळ तर्क होता. त्यासाठीं त्यांनीं ३९ गांवांत गांवच्याच, थोडें शिकलेल्या स्त्रिया निवडल्या. बाळ तोलणें, तें ऊबदार ठेवणें, श्वास मोजणें, जंतुदोष ओळखणें व वेळ पडल्यास सुई देणें हें त्यांना शिकविलें. १९९९ च्या डिसेंबरांत 'लॅन्सेट' या इंग्रजी वैद्यकीय पत्रांत त्याचा निकाल प्रसिद्ध झाला. त्या गांवांतील नवजात अर्भकांचे मृत्यु हजारीं ६२ वरून सुमारें २५ वर आले होते. ज्या बाईच्या हातीं सुई द्यावी कीं नाहीं यावर विद्वानांत वाद चालले होते, तिनेंच तो वाद निकालांत काढला. पुढें २००५ सालीं देशभर 'आशा' नेमल्या गेल्या आणि २०११ पासून घरीं जाऊन नवजात अर्भकाची काळजी घेण्याचें काम त्यांच्याकडे आलें. केंटकीच्या डोंगराला जें महायुद्धानें शिकविलें तें गडचिरोलीच्या पाड्यांना अशा रीतीनें मोठ्या विचारपूर्वक प्रयोगानें साधलें.

म्हणून बाहेरून येणारी परिचारिका आतां नको, असें कोणी म्हणेल तर आम्ही त्याशीं सहमत नाहीं. आशेला लस टोंचतां येत नाहीं, अडलेली बाळंतीण सोडवितां येत नाहीं. परंतु आरोग्यसेविका पाड्याशीं येते तेव्हां तेथें तिची वाट पाहणारी, दोन्ही भाषा जाणणारी एक बाई उभी असते, व त्या दोघी मिळून झोपडींत शिरतात. आमच्या मतें या दीडशें वर्षांतील सर्वांत मोठा फरक तो हाच. दुःख एवढेंच, कीं या दोघींपैकीं एकीची नेमणूक पुष्कळदां कंत्राटी असते व दुसरीला वेतन नसून मोबदला असतो. ज्या राज्याला डोंगरांतील लोखंडाचा करार वर्षानुवर्षांचा करतां येतो, त्याला डोंगरांतील परिचारिकेचा करार वर्षावर्षानें कां करावा लागतो, हें आम्हांस उमगत नाहीं.

लोखंडाचें नांव निघालेंच आहे. सूरजागडच्या खाणीचा पट्टा २००७ सालीं दिला गेला. प्रत्यक्ष खोदकाम सुरू होतांच १९१६ च्या नव्हे, २०१६ च्या डिसेंबरांत (शतक सांगावें लागतें, कारण वार्ता जुन्या बंडांतील वाटते) नक्षलवाद्यांनीं तेथें खनिज वाहणाऱ्या कित्येक मालमोटारी जाळल्या. त्यानंतर बंदोबस्त वाढला, खाण चालूं लागली, रस्ते झाले, आणि खाणीजवळ हेडरीस कंपनीचें रुग्णालयही उभें राहिलें. रस्ता झाला म्हणून रोगी वांचतो हें खरें. १०८ क्रमांकाची गाडी १९१० सालच्या खाटेच्या कावडीपेक्षां केव्हांही बरी. पण खनिजाचा रस्ता खनिजापर्यंतच जातो. त्याच्यापुढील पाड्यांना मिळाली ती त्या रस्त्याची धूळ आणि मालमोटारींची भीति. वाट तीच जुनी, पायाची.

आणि त्या वाटेवर पुन्हां एकदां रोग्यानेंच चालावें असा काळ आला आहे. आदिवासी भागांतील आरोग्यकेंद्रांपाशीं 'माहेरघर' नांवाची सोय असते. दिवस भरत आलेल्या स्त्रीनें आधींच येऊन तेथें राहावें, हा तिचा उद्देश. दूरदर्शी योजना आहे. मात्र मागें घरीं लहान मुलें, कोंबड्या व पेरणी टाकून त्या स्त्रीनें यावें कसें, हें तिला घरीं जाऊन समजवावें लागतें, आणि तें समजवायला जाते तीच झोळीवाली. पावसाळा तोंडावर आला म्हणजे जून ते सप्टेंबरांत बाळंत होणाऱ्या स्त्रियांची यादी तिला करावी लागते, व नद्या चढण्यापूर्वीं त्यांना अलीकडे आणावें लागतें. ती यादी करतांना केवळ तारीख धरून भागत नाहीं. दिवस आधीं भरणारी स्त्री रस्त्यावरच्या गांवीं असेल तर तिला थांबतां येतें. महिन्याभरानें बाळंत होणारी ओढ्यापलीकडे असेल तर तिला प्रथम आणावें लागतें.